सांडस कोणाच्या हाती

शिकाऊ उमेदवारी म्हणजे जाणत्या कारागिराच्या शेजारी उभे राहून, ठरलेल्या मुदतीत, ठरलेला व्यवसाय अंगी आणण्याचा करार. या काळात शिकणाऱ्याला विद्यावेतन मिळते, मालकाला तयार होत असलेला माणूस मिळतो आणि मुदत संपली की परीक्षा होते. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, वीजतंत्री, टूल अँड डाय मेकर असे हे व्यवसाय. दहावीनंतर आयटीआय आणि आयटीआयनंतर कारखान्यात उमेदवारी, हा महाराष्ट्रातल्या असंख्य घरांचा ओळखीचा रस्ता आहे. फक्त घरातून त्या रस्त्याला लागला तो बहुधा मुलगा. मुलगी निघाली की तिला काय शिकावे लागते, काय शिकू दिले जाते आणि नेमके काय तिच्यापासून लांब ठेवले जाते, हे जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे.

उमेदवारीची जुनी रीत घराण्याची होती. लोहाराचा मुलगा भाता ओढता ओढता आणि सुताराचा मुलगा रंध्याखालच्या ढलप्या गोळा करता करता धंद्यात आला. मुलगी उद्या दुसऱ्या घरी जाणार, म्हणून घरचे कसब तिच्या हाती द्यायचे नाही, असा रिवाज पडला. कामातून मात्र तिची सुटका कधीच नव्हती. घिसाड्यांची पाले रस्त्याच्या कडेला पडतात तेव्हा हे उघड्यावर दिसते. पुरुष ऐरणीपाशी बसून सांडशीत तापलेले लोखंड धरतो आणि समोर उभी असलेली बाई घण डोक्यावरून नेऊन त्यावर घालते. एकामागून एक घाव, त्याच जागी, त्याच जोराने. अंगमेहनतीचे काम स्त्रीला झेपत नाही असे ज्याला वाटते त्याने एकदा या ऐरणीजवळ थांबावे. पण लोखंड भट्टीतून कधी काढायचे, त्याला कोणता रंग चढला की ते घडवण्याजोगे होते, पुढचा घाव कुठे पडायचा आणि विळ्याला पाणी कधी द्यायचे, हे सारे सांडस धरणारा ठरवतो. घाव तिचा आणि निर्णय त्याचा, अशी ती वाटणी. स्त्री कारखान्यात आली तेव्हा ही वाटणी तिच्या आधीच तिथे जाऊन बसली होती.

स्त्रीने रीतसर कारखान्यात उभे राहून तांत्रिक शिक्षण घेतल्याचे भारतातले एक जुने उदाहरण ए. ललिता यांचे आहे. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य आणि कडेवर काही महिन्यांची मुलगी, अशा अवस्थेत त्यांनी मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत शाखेत प्रवेश घेतला. वडील तिथेच प्राध्यापक होते, म्हणून दार उघडले. वर्गातला अभ्यास पुरा झाल्यावर त्या बिहारमधल्या जमालपूरच्या रेल्वे कार्यशाळेत वर्षभर प्रत्यक्ष काम शिकल्या आणि त्यांनी पदवी हाती घेतली. पुढे भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या वीजवाहिन्या आणि उपकेंद्रांच्या आराखड्यांवर त्यांचा हात फिरला. त्यांची गोष्ट मोठी आहेच, पण तिच्यातली एक बाब सहसा सांगितली जात नाही. ललिता यांनाही कसबाचे दार घरच्या माणसामुळेच उघडले. ज्या मुलीच्या घरात प्राध्यापक नाही, मिस्त्री नाही आणि फोरमन नाही, तिच्यासाठी दार उघडायचे तर ते कायद्यानेच उघडायला हवे होते.

स्वातंत्र्यानंतरचा कायदा आधी उलट्या दिशेने गेला. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 22 नुसार चालू असलेल्या मुख्य चालक यंत्राची किंवा शक्ती वाहून नेणाऱ्या यंत्रणेची सफाई करायला, तिला तेल द्यायला वा तिची जुळवणी करायला स्त्रियांना मनाई होती. कलम 66 ने संध्याकाळी 7 ते सकाळी 6 या वेळात त्यांना कारखान्यात काम देण्यावर बंदी घातली. हेतू संरक्षणाचा होता, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्या काळच्या कारखान्यांत छताखालून लांबच लांब शाफ्ट फिरत, त्यावरून पट्टे खाली येत आणि पट्ट्यात पदर किंवा केस अडकला की अनर्थ होई. पण धोका फिरत्या पट्ट्याचा होता. धोतराचा सोगा अडकलेला पुरुषही त्यातून वाचत नसे. उपाय यंत्र थांबवण्याचा होता आणि मनाई स्त्रीला झाली. तिचा परिणाम संरक्षणापेक्षा कितीतरी लांब पोचला. यंत्राला तेल देणे आणि त्याची जुळवणी करणे, ही देखभालीच्या कामाची पहिली पायरी आहे. रात्रपाळी ही दुसरी, कारण बंद पडायचे यंत्र दिवस-रात्र पाहून बंद पडत नाही. दोन्ही पायऱ्या काढून घेतल्यावर वरच्या मजल्यावर स्त्रिया का दिसत नाहीत, असे विचारण्यात अर्थ उरला नाही.

1961 च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाने स्त्री-पुरुष असा भेद केला नाही. व्यवसाय, मुदत, विद्यावेतन, परीक्षा सगळे दोघांना सारखे. आयटीआयमध्ये मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव झाल्या. तरी मालकाच्या मनातली वाटणी कायद्याने लगेच पुसली जात नाही. 1974 साली पुण्याच्या टेल्को या टाटांच्या वाहन कंपनीने अभियंत्यांसाठी दिलेल्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापले होते. सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीने, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले, मुलाखतीचे बोलावणे आले आणि त्या पुण्याच्या कारखान्यात रुजू झाल्या. हा किस्सा महाराष्ट्राला पाठ आहे. मात्र तो पदवीधर, लिहित्या हाताच्या मुलीचा आहे. दहावी झालेल्या फिटर मुलीच्या वतीने पोस्टकार्ड कुणी लिहिले नाही. रात्रपाळीची बंदी 2000 साली मद्रास उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. 2020 ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये देशभर लागू झाली. त्यानुसार स्त्रीला सर्व प्रकारच्या कामांवर घेता येते आणि तिची संमती असेल तर रात्रपाळीही देता येते. म्हणजे 1948 ची मनाई उठायला पाऊणशे वर्षे लागली.

आता प्रत्यक्ष शिकण्याकडे यावे. आयटीआयमधला फिटरचा अभ्यासक्रम 2 वर्षांचा. त्याची सुरुवात कानशीने होते आणि बराच काळ कानशीपाशीच रेंगाळते. हाताशी एक मऊ पोलादाचा तुकडा, ज्याला सगळे ‘जॉब’ म्हणतात. तो शेगड्यात, म्हणजे बेंच व्हाइसमध्ये, घट्ट धरायचा. डावा पाय पुढे, उजवा मागे, कानस दोन्ही हातांत आडवी. पुढे ढकलताना कापायचे, मागे घेताना भार सोडायचा. अवघड गोष्ट पुढेच आहे. ढकलायला सुरुवात करताना जोर डाव्या हातावर जास्त असतो आणि कानस पुढे सरकत जाईल तसतसा तो उजव्या हाताकडे यावा लागतो. ही देवाणघेवाण जमली नाही तर कानस झोके खाते आणि जॉबच्या मधोमध पोट येते. डोळ्यांना ते दिसत नाही. जॉबवर गुण्या ठेवून तो उजेडासमोर धरला की दोन्ही कडांखालून प्रकाशाची रेघ दिसते आणि निदेशक काही न बोलता जॉब परत देतात. आठवड्यांमागून आठवडे हे चालते. मग एक दिवस गुण्याखाली उजेड दिसत नाही. त्यानंतर व्हर्निअरने 0.02 मिलिमीटरपर्यंत मोजणे, हाइट गेजने आखणे, छिद्र पाडून त्यात आटे कापणे आणि शेवटी दोन तुकडे एकमेकांत असे बसवणे की फट 0.04 मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये. ही फट डोक्याच्या केसाहूनही बारीक असते.

या सगळ्यात ताकद लागते, पण ती ज्याची कमी पडते त्याने काम करू नये असे शास्त्र सांगत नाही. शास्त्र सांगते की शेगड्याचा जबडा कामगाराच्या कोपराच्या उंचीला असावा. कोणत्याही फिटरच्या पाठ्यपुस्तकात हे लिहिलेले आहे. बेंच मात्र सरसकट एकाच मापाची, सरासरी पुरुषाच्या उंचीला धरून बनवलेली. पाच फूट उंचीच्या मुलीला त्यावर कानस मारताना खांदे उचलावे लागतात, जोर मनगटावर येतो आणि ‘मुलींना फाइलिंग जमत नाही’ असा निष्कर्ष तयार होतो. पायाखाली चार बोटे उंचीची लाकडी फळी टाकली की तीच मुलगी तोच जॉब सपाट करते. ही फळी कुणी सवलत म्हणून देऊ नये. पुस्तकातला पहिला नियम पाळला गेला, एवढाच तिचा अर्थ. कपड्यांचेही तसेच. लेथजवळ ओढणी नको, बांगड्या नकोत, वेणी टोपीखाली बांधलेली हवी, ड्रिल चालवताना हातमोजे नकोत. यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. फिरता चक काय काय ओढून घेतो एवढाच प्रश्न आहे आणि मुलांच्या बाहेर लोंबणाऱ्या शर्टाला तोच नियम लागू आहे.

आयटीआय संपल्यावर साधारण वर्षभराची उमेदवारी असते आणि खरा फरक तिथे पडतो. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, शिरोली, कुठेही कारखान्याच्या फाटकातून आत गेलेल्या मुलींना बहुधा जुळणी, तपासणी आणि पॅकिंगवर उभे केले जाते. वायर हार्नेस बांधणे, कॉइल गुंडाळणे, सर्किट बोर्डावर झाळणे ही कामे तर जणू त्यांच्याच नावावर लिहिली आहेत. कारण विचारले तर कौतुकाच्या सुरात उत्तर येते की मुलींची बोटे नाजूक, नजर बारीक आणि चिकाटी दांडगी. हे कौतुक तपासून पाहिले पाहिजे. नाजूक बोटे आणि बारीक नजर हीच पात्रता असेल तर डायच्या कडेतली फट जुळवायला, लेथच्या बेडवर निळा रंग लावून उंचवटे खरडून काढायला, इन्सर्ट बदलून मशीन सेट करायलाही तीच लागते. तिथे त्याच मुलीचे नाव का निघत नाही? टूलरूम आणि मेंटेनन्स ही दोन खाती पुरुषांची राहतात, कारण निर्णय तिथे घेतले जातात. ऐरणीपाशी पाहिलेली वाटणी अशी बोर्डावर नाव न लिहिताही चालू राहते.

जुळणीचे काम हलके नाही आणि कमी मानाचे तर मुळीच नाही. पुण्यात टाटा मोटर्सने हॅरियर आणि सफारी गाड्यांच्या जुळणीची एक पूर्ण लाइन स्त्रियांच्या हाती सोपवली. मोठ्या गाड्या बनवणे हे बायकांचे काम नव्हे, हा समज त्या लाइनने मोडून काढला. तरी कारकिर्दीच्या हिशेबात दोन कामांत एक फरक आहे. लाइनवरचे एक स्टेशन काही आठवड्यांत शिकून होते. त्यामुळे ते शिकलेल्या माणसाची जागाही काही आठवड्यांत दुसरा घेऊ शकतो. बिघाड ओळखण्याचे कसब मात्र वयाबरोबर वाढते. पंचवीस वर्षे यंत्रे उघडलेल्या माणसाला कुठल्याही औद्योगिक वसाहतीत बोलावून नेतात. स्त्रीच्या आयुष्यात बाळंतपण येते, आजारी सासू-सासऱ्यांची सेवा येते, बदलीच्या नवऱ्यामागे गाव बदलणे येते. दोन-चार वर्षांचा खंड पडल्यावरही ज्याची किंमत उतरत नाही असे कसब तिला सर्वांत जास्त हवे. नेमके तेच तिच्या वाट्याला सर्वांत कमी येते.

हे कसब कसे शिकतात, ते एका बेअरिंगवरून समजते. पंपाचा आवाज बदलला आहे असे ऑपरेटर सांगतो. जाणता फिटर लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. चांगल्या बेअरिंगचा आवाज सलग येतो, खराब झालेल्याचा खरखरीत किंवा ठोके दिल्यासारखा. मग तोच स्क्रू-ड्रायव्हर शिकाऊ मुलीच्या कानाला लावायचा. तिने दोन्ही टोकांचे आवाज ऐकून कोणते बेअरिंग गेले ते आधी सांगायचे आणि उघडून नंतर पाहायचे. पंप थांबवायचा, वीज तोडायची आणि स्विचवर स्वतःचे कुलूप लावायचे. कामावर असलेल्या प्रत्येकाचे कुलूप वेगळे आणि किल्ली त्याच्याच खिशात, म्हणजे शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत यंत्र कुणालाही सुरू करता येत नाही. 1948 सालच्या मनाईची गरज या एका कुलपाने कधीच संपवली होती. नवे बेअरिंग शाफ्टवर चढवताना ठोका आतल्या रिंगवर पडला पाहिजे. बाहेरच्या रिंगवर पडला तर घाव गोळ्यांमधून जातो आणि नवे बेअरिंग फिरण्याआधीच खराब होते. हे वाक्य पुस्तकात आहे. पण ठोक्याचा बद्द आवाज टणक झाला की बेअरिंग खांद्याला टेकले, हे पुस्तक सांगू शकत नाही. ते कान सांगतो, आणि कान तयार व्हायला हातोडी स्वतःच्या हातात असावी लागते. ‘तू फक्त पाना दे, मी करतो’ हे वाक्य उस्ताद मायेने म्हणतो. त्या मायेत शिकाऊ मुलीचे वर्ष निघून जाते.

हाताखाली शिकत वर चढण्याची शिडी पुरी मिळाली तर काय होते, हे रेल्वेचालक सुरेखा यादव यांच्या कारकिर्दीत दिसते. साताऱ्यात जन्म, कराडला विद्युत अभियांत्रिकीची पदविका, मग कल्याणला रेल्वेचे प्रशिक्षण आणि 1989 मध्ये सहायक चालक. रेल्वेतले सहायकपण हे उमेदवारीसारखेच असते. सिग्नल दिसला की दोघांनी तो मोठ्याने पुकारायचा, इंजिनात बिघाड झाला तर सहायकाने आत जाऊन तो शोधायचा, रस्त्यातला प्रत्येक चढ-उतार आणि वळण पाठ करायचे. 1996 मध्ये त्यांच्या हाती मालगाडी आली, 2000 मध्ये मुंबईची लोकल आणि 2010 मध्ये घाट. कर्जत-लोणावळा घाटात 37 फुटांना 1 फूट असा चढ आहे. वर जाताना मागून बँकर इंजिने लावावी लागतात आणि उतरताना तर खरी कसोटी ब्रेकची असते. 2011 च्या महिला दिनी त्यांनी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला आणली, 2023 मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारत चालवली आणि 2025 च्या सप्टेंबरात त्या निवृत्त झाल्या. डेक्कन क्वीनचा दिवस वर्तमानपत्रांत आला. मालगाडीपासून घाटापर्यंतची चौदा वर्षे बातमीत मावत नाहीत, पण कारकीर्द घडली ती त्या वर्षांत. कुठलीही पायरी गाळून त्यांना वर नेलेले नाही आणि कुठल्याही पायरीवर थोपवलेलेही नाही.

उमेदवारीच्या वाटेतल्या बाकीच्या अडचणी साध्या आहेत आणि म्हणूनच त्या सोडवल्या जात नाहीत. 2019 च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा 5000 ते 9000 रुपये ठरवले. औद्योगिक वसाहतीजवळ खोली, मेस आणि गावी जाण्याचे भाडे एवढ्यात भागवायचे म्हणजे घरून पैसे मागवावे लागतात. मुलासाठी ते येतात, मुलीसाठी ‘मग परतच ये’ असा निरोप येतो. दुसरी पाळी रात्री उशिरा सुटते तेव्हा कंपनीची बस फाट्यापर्यंत असते, खोलीपर्यंत नसते. मुलींचे स्वच्छतागृह शॉपच्या पलीकडच्या इमारतीत असते आणि जाऊन यायला लागणारा वेळ तिच्या नावावर मांडला जातो. स्वतंत्र स्वच्छतागृह ही कायद्याने 1948 पासूनच सांगितलेली गोष्ट आहे. खात्यात एकटी मुलगी टिकत नाही, हेही जाणत्या निदेशकांना ठाऊक असते. दोन-तीन जणींना एकाच खात्यात टाकले तर त्या टिकतात.

मुदत संपल्यावर राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा होते आणि प्रमाणपत्र मिळते. मालकाने नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन कायद्यात नाही. म्हणूनच त्या वर्षात हाताला काय लागले, यावर पुढचे सगळे उभे असते. शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार धरला जात नाही, तो शिकणारा धरला जातो. पण सुरक्षेच्या तरतुदी त्याला कामगाराप्रमाणेच लागू आहेत आणि काम शिकताना इजा झाली तर भरपाईही मिळते. करार नोंदवलेला असतो आणि त्यात व्यवसायाचे नाव लिहिलेले असते. त्या व्यवसायाचे प्रशिक्षण देणे हे मालकाचे कर्तव्य आहे आणि करारावरून तंटा झाला तर शिकाऊ उमेदवारी अधिनियमाच्या कलम 20 प्रमाणे शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे दाद मागता येते. सही करण्याआधी मुलीने आणि तिच्या घरच्यांनी तो कागद शेवटपर्यंत वाचावा, कोणत्या खात्यात किती महिने ठेवणार हे विचारून घ्यावे आणि रोज केलेल्या कामाची वही पहिल्या दिवसापासून लिहावी. करारात फिटर लिहिले असेल आणि वर्षभर पॅकिंगच मिळत असेल, तर फिटरचे काम मागणे हा तिचा कायदेशीर हक्क आहे.